खंडेनवमीचा ब्लॉक

आमच्या गाळ्यात भट्टी पेटली की माझ्या तोंडाला कुणी लागायचं नाही. शटर अर्धं खाली, पंखा बंद, आणि दारात कुणी उभं राहिलं तर मी सरळ हाकलायची, मग तो गिऱ्हाईक असो नाही तर घरमालक. बिडाला वाऱ्याची झुळूक चालत नाही. बीड म्हणजे ओतीव लोखंड. जुन्या गाड्यांच्या इंजिनाचे ब्लॉक त्याचेच असतात. साधं लोखंड वाकतं, ठोकलं की सरळ होतं. बीड वाकत नाही, फुटतं. एका बाजूनं तापलं आणि दुसऱ्या बाजूनं गार राहिलं एवढंसुद्धा त्याला पुरतं. म्हणून आधी अख्खा ब्लॉक विटांच्या भट्टीत कोळशावर लाल करायचा, लाल असतानाच तडा वितळवून भरायचा, आणि लगेच राखेत गाडून टाकायचा. मग दोन दिवस तिकडं बघायचंसुद्धा नाही. भट्टी माझी, गॅसचा टॉर्च ह्यांचा. लग्न करून लातूरकडून कासारवाडीच्या ह्या गाळ्यात आले तेव्हापासून आमची वाटणी अशीच होती.

हे म्हणजे माझा नवरा. फुटक्या ब्लॉकचा डॉक्टर म्हणायचे लोक ह्यांना, भोसरीपासून चाकणपर्यंत. गेल्या वर्षी एका ब्लॉकवर काम चालू असताना टॉर्चचं तोंड जास्त तापलं, फटकन आवाज झाला आणि ज्योत उलटी फिरली. वितळलेल्या बिडाचे थेंब उडाले. एक मनगटावर बसला, एक चष्म्याच्या कडेवरून आत शिरून भुवईखाली. डोळा वाचला तो नशिबानं. डॉक्टरीणबाईंनी बोटानं दाखवलं होतं, इतकंच अंतर राहिलं म्हणून.

जखम भरली, पण त्यानंतर ह्यांनी बिडाला हात लावला नाही. ग्रिल, गेट, सायलेन्सरचे टाके, असलं किरकोळ काम. ब्लॉक घेऊन कुणी आलं की "सध्या भट्टी बंद आहे" असं म्हणायचे, आणि म्हणताना आवाज असा कापायचा की समोरच्यालाच वाईट वाटावं. माझा मात्र संताप व्हायचा. अहो, ज्या माणसाच्या कामासाठी लोक दारात रांग लावायचे, तो माणूस खिडकीच्या गजांना पॉलिश मारत बसलाय!

आणि मग दसऱ्याच्या तोंडावर ह्यांनी घरी येऊन सांगितलं, की चाकणला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी मिळतेय. एजन्सीवाला ओळखीचा आहे. दसरा झाला की रुजू व्हायचं, गाळा सोडून द्यायचा. गणवेश पिशवीतून आलासुद्धा होता. पिंपळे गुरवच्या आमच्या खोलीत दारामागच्या खुंटीला तो निळा शर्ट लटकला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गेटवर उभं राहून लोकांच्या डब्यांच्या पिशव्या तपासणार तुम्ही?"

"तपासीन की. त्यात काय कमीपणा आहे?"

"कमीपणाचं नाही बोलत मी. हातातली कला घालवताय, त्याचं बोलतेय."

दोन दिवस भांडलो. सासूबाई मध्ये बसून कधी ह्यांच्या बाजूनं, कधी माझ्या. शेवटी मीच हट्टाला पेटले. म्हटलं, एक ब्लॉक करा. एकच. तो धड निघाला तर गाळा ठेवायचा आणि तो शर्ट परत द्यायचा. फुटला, तर मी स्वतः गाळ्याची चावी मालकाच्या हातात देईन आणि पुन्हा अवाक्षर काढणार नाही. ह्यांनी खुंटीवरच्या शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, "ठीक आहे. ठरलं." माझ्या डोळ्यांकडे न बघता म्हणाले, ते मला तेव्हा खटकलं नाही.

ब्लॉक लगेच आला. चाकणजवळच्या एका गावचे शेतकरी दादा टेम्पोत घालून घेऊन आले. त्यांच्या वडिलांची जुनी मोटारगाडी, गोठ्याशेजारी झाकून ठेवलेली; ब्लॉक तिचाच. "तीन ठिकाणी दाखविलं, मिस्त्री," ते म्हणाले. "समदे म्हंत्यात भंगारात घाला. पर आमची म्हातारी ऐकत न्हाई. म्हंती, मला आळंदीला न्यायचं तर ह्याच गाडीतून न्हे, न्हाई तर घरी बसू दे."

"होईल का?" मी ह्यांना विचारलं.

ह्यांनी ब्लॉक रॉकेलनं धुतला, कोरडा पुसला आणि वर खडूची भुकटी मारली. तड्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि भुकटीवर ओली रेघ उमटते. रेघ उमटली. इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळतं त्या पोकळीच्या भिंतीवर, वीतभर लांब, मध्येच वळलेली. ह्यांनी तिच्या दोन्ही टोकांना ड्रिलनं भोक पाडलं, म्हणजे तडा पुढं पळणार नाही. ड्रिल धरलेले हात ठीक होते. म्हणून मला वाटलं, सुटला बाई प्रश्न.

काम अष्टमीच्या सकाळी करायचं ठरलं, आणि ते मुद्दाम. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी मशीन, पाने, हातोडे सगळं पुसून पूजा करतात आणि मग त्या हत्यारांना दिवसभर कुणी हात लावत नाही. कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्यात शुकशुकाट असतो. त्याच्या पुढच्या दिवशी दसरा. म्हणजे ब्लॉक राखेत निवांत पडून राहणार, कुणी हलवणार नाही, कुणी डोकावणार नाही. आम्ही दरवर्षी सणाच्या आधी असंच एखादं मोठं काम उरकायचो.

पहाटेच मी भट्टी लावली. ब्लॉक सारखा तापला पाहिजे म्हणून कोळसा चारी बाजूंनी सरकवत राहिले. अंधारात रंग कळतो, म्हणून शटर खाली. वाळलेल्या मिरचीसारखा लाल झाला तेव्हा मी हाक मारली.

ह्यांनी टॉर्च पेटवला. दुसऱ्या हातात बिडाची कांडी. आणि मी बघितलं, ज्योत थरथरत होती. वारा नव्हता. ह्यांचा हात थरथरत होता.

"अहो, टेका हात विटेवर."

"टेकलाय."

तडा वितळायला लागला. कांडीचा पहिला थेंब पडला, मिसळला, दुसरा पडला. अर्धं काम झालं असेल, आणि टॉर्चनं फट् केलं. बारीकसाच आवाज, त्यात काही विशेष नसतं, पण हे असे मागं सरले की माझ्या अंगावरच आदळले.

"बंद कर. थांबू या."

"थांबायचं नाही! आत्ता थांबलात तर गार होईल आणि आहे तोही फुटेल. चला!"

"अगं, मला दिसत नाही धड..."

"दिसतंय तुम्हाला. मी आहे इथं. भरा तो तडा!"

भरला. कसा भरला ते मला विचारू नका. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि जबडा आवळून आवळून गालावर शिर उभी राहिली होती. शेवटचा थेंब पडला तसा ह्यांनी टॉर्च बंद केला, बाहेर गेले आणि गटारीपाशी वाकून ओकले. मी म्हटलं, उपाशीपोटी आहेत म्हणून. फावड्यानं राख ओढली, ब्लॉक पुरा गाडला, वर पत्रा टाकला आणि पत्र्यावर दगड.

खंडेनवमीला सकाळी सासूबाई पूजेचं ताट घेऊन आमच्याबरोबर गाळ्यावर आल्या. वर्षभरानं भट्टी पेटली म्हणून म्हातारीला केवढा आनंद! नवं लुगडं नेसल्या होत्या. लेथला हळदकुंकू, ड्रिलला हळदकुंकू, सिलिंडरला झेंडूची माळ. हे चहा सांगायला कोपऱ्यावर गेले. मी स्टुलावर चढून शटरला आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होते. पाठ आतल्या बाजूला होती.

आधी नारळ फोडल्याचा आवाज आला. मग लगेच च्छर्र. आणि मग, स्पष्ट, काहीतरी तडकल्याचा: टण्!

मी स्टुलावरून उडीच मारली. सासूबाईंनी दगड आणि पत्रा बाजूला ठेवला होता, वरची राख जराशी उकरली होती, आणि नारळाच्या करवंटीतलं पाणी भट्टीवर ओतलं होतं. वर वाफ निघत होती.

"आई! काय केलंत हे!"

"आगं, आसं काय ओरडायलीस? पूजा केली की." म्हातारी भांबावून गेली. "पत्र्याची पूजा करू का म्या? ज्यात लेकाचं काम हाय, त्याला कुंकू नको?"

आता काय बोलणार! खंडेनवमीला मशीनवर नारळाचं पाणी शिंपडतातच. सगळेच शिंपडतात, मोठमोठ्या कंपन्यांतसुद्धा. राखेत झाकलेला ब्लॉक आतून अजून तापलेला असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. भट्टीच्या दिवसांत त्यांना आम्ही कधी गाळ्यावर आणलंच नव्हतं. पण मला तेव्हा हे कुठलं सुचायला? मी कपाळावर हात मारून घेतला आणि नको नको ते बोलले. "सगळं घालवलंत! वर्षाचं सगळं पाण्यात घातलंत!"

माझा आवाज ऐकून हे धावत आले. राख, पाणी, करवंटी, आईचं तोंड. सगळं एका नजरेत कळलं.

"तडकल्याचा आवाज आला?" ह्यांनी मला विचारलं.

"आला."

आणि मी ह्यांचा चेहरा बघितला. मला वाटलं होतं चिडतील, डोकं धरून खाली बसतील. तसं काहीच नाही. वर्षभर कानापर्यंत चढलेले ह्यांचे खांदे हळूच खाली आले. पाठीवरचं पोतं उतरवल्यावर हमाल सोडतो तसा एक श्वास सोडला. मग आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे गं आई. मुद्दाम केलंस का तू?" राख परत सारखी केली, पत्रा टाकला. "आता उघडायचा नाही. गेला असेल तर गेला." चहा आला तेव्हा तो सगळ्यांना ह्यांनी स्वतः ओतून दिला.

दसऱ्याला माझ्या घशाखाली श्रीखंड उतरेना. सासूबाई तर कोपऱ्यात तोंड फिरवून बसल्या होत्या. पुरी हातात धरून ठेवली आणि तशीच ताटात ठेवली. जेवत होते फक्त हे. दुसऱ्यांदा वाटी पुढं केली! शेजारच्यांना आपट्याची पानं देताना हसत होते, चेष्टा करत होते. इतके दिवस मुकं झालेलं माणूस एकाएकी बोलायला लागलं. आणि मी वेडी, त्यांच्याकडं बघत बसले आणि आतल्या आत जळत राहिले.

दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर मी ह्यांना गॅलरीत गाठलं.

"तुम्ही खूश आहात."

"खूश कशाचा? दादांचा ब्लॉक गेला असेल, त्यांच्या म्हातारीला काय सांगायचं ह्याचा घोर आहे."

"माझ्यापाशी खोटं बोलू नका. आवाज ऐकल्यावर तुमचं तोंड बघितलंय मी. फुटला असेल तर बरं, असंच वाटतंय ना?"

मला वाटलं आता नाही म्हणतील, निदान चिडतील तरी.

"हो," ते म्हणाले.

एवढंच. मला कुणीतरी मुस्काटीत मारल्यासारखं झालं.

"मग केलात कशाला?"

"तू केलास. मी फक्त टॉर्च धरला." मग म्हणाले, "टॉर्च पेटवला की माझा डोळा आपोआप मिटतो. हा, इकडचा. तुला वर्षभर सांगतोय. तू म्हणतेस जाईल भीती, काम केलं की जाईल. तो फट् आवाज झाला ना, तेव्हा मी मेलोच होतो."

"सगळ्यांना भीती वाटते. म्हणून काय काम सोडतात?"

"काही सोडतात." एवढं बोलून आत गेले. मी संध्याकाळपर्यंत भांडी आपटत राहिले. मला दया आली असं मी म्हणणार नाही. मला राग आला होता, आणि त्याहून मोठी भीती वाटत होती. ब्लॉक फुटला असेल तर मी हरले, आणि नसेल फुटला तर काय, ह्याचा विचार करायची माझी छातीच होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा टेम्पो घेऊन हजर. "काय मिस्त्री, झाला का आमचा पेशंट बरा?" सासूबाई हट्टानं आल्या होत्या. "माज्या हातानं झालंय, मला बघू द्या," म्हणाल्या. दादांना ह्यांनी सरळ सांगितलं, की पाणी पडलंय, तडकल्याचा आवाज आलाय, आशा धरू नका. दादांचा चेहरा उतरला. पण शिव्या देणारा माणूस नव्हता तो. "बगू तर खरं," एवढंच म्हणाला.

मी फावडं घेतलं. वरची राख पाण्यानं भिजून पापडासारखी कडक झाली होती. ती फोडली. भट्टीच्या काठावरची एक वीट मधोमध दोन तुकडे होऊन पडली होती. मी ती उचलून हातात घेतली आणि ह्यांच्याकडं बघितलं. तो टण् आवाज हिचा तर नव्हता? खालची राख मऊ, कोरडी, अजून कोमट. त्यातून ब्लॉक वर काढला.

ह्यांनी लहान हातोडी घेतली. मडकं घेताना बायका वाजवून बघतात, तसंच असतं हे. तडा असला तर आवाज बद्द येतो, नसला तर खणखणीत. ह्यांनी भरलेल्या जागेच्या वर मारली. खण्ण. खाली मारली. खण्ण. दादांच्या तोंडावर हसू फुटलं, सासूबाईंनी हात जोडले. पण हे थांबले नाहीत. डावीकडं, उजवीकडं, उलटा करून मागं, टोकांच्या भोकांपाशी, पुन्हा वर. प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात. खण्ण, खण्ण, खण्ण. दादांना वाटलं असेल, मिस्त्री काय बारकाईनं तपासतोय! मला माहीत होतं, हे तो बद्द आवाज शोधतायत.

"हवा भरून बघू," ते म्हणाले.

पाण्याची सगळी तोंडं रबर आणि पट्ट्या लावून बंद केली, साबणाचं पाणी फासलं आणि हे हवेचा पंप मारायला लागले. तडा असेल तर तिथून बुडबुडे येतात. मी ओणवी होऊन बघत होते. फेस जागच्या जागी बसला होता. एकही नवा बुडबुडा येत नव्हता. दाबाचा काटा पुरेसा वर गेला तरी हे पंप मारतच होते.

"बास करा आता."

मारत होते.

"अहो, रबर फाटेल! बास!" मी ह्यांचा हात धरला. पंपावरची ह्यांची बोटं पांढरी पडली होती.

हे उठले. हात पुसले. "चांगला झालाय," दादांना म्हणाले. मयताचं सांगायला आलेला माणूस बोलतो तशा आवाजात.

"आरं देवा!" दादांनी ह्यांना मिठीच मारली. "व्हय मिस्त्री, मानलं तुमाला. आमची म्हातारी आज गावजेवण घालंल बगा!" सासूबाई रडत होत्या, हसत होत्या, "माज्या देवानं राखलं, माज्या लेकाचं राखलं," असं दहा वेळा म्हणाल्या. मी सगळ्यांच्या मध्ये उभी. मी जिंकले होते. ठरल्याप्रमाणे गाळा राहणार होता आणि निळा शर्ट परत जाणार होता, ह्यांनी शब्द दिला होता. आणि मला ह्यांच्याकडं मान वर करून बघवत नव्हतं. खांदे पुन्हा कानाला भिडले होते, आणि तो भुवईखालचा डोळा बारीक बारीक फडफडत होता. टॉर्च तर कोपऱ्यात बंद करून ठेवलेला होता.

टेम्पोवाल्यासकट चौघांनी मिळून ब्लॉक टेम्पोत चढवला. दादा पुढं बसता बसता थांबले.

"मिस्त्री, आमच्या मामाकडं एक असाच फुटका पडून हाय. पुढच्या आठवड्यात घिऊन येतो. करशाल न्हवं?"

हे माझ्याकडं बघत होते. शब्द दिलेला माणूस होता तो. मी होय म्हटलं असतं तर पुढच्या आठवड्यात ह्यांनी पुन्हा टॉर्च पेटवला असता, पुन्हा जबडा आवळला असता, पुन्हा गटारीपाशी गेले असते. मरेपर्यंत केलं असतं.

"नका आणू, दादा," मी म्हणाले. "इथं बिडाचं काम बंद झालंय."

"आँ? आन् हे आत्ता काय केलं मग?"

"हे शेवटचं."

दादा बुचकळ्यात पडून निघून गेले. सासूबाई माझ्याकडं वेड लागल्यासारखं बघत होत्या. ह्यांनी तोंड फिरवलं आणि पाण्याच्या बादलीत हात बुडवून बराच वेळ नुसते धूत राहिले. मी भट्टीपाशी बसले, विटा एकेक सोडवून भिंतीला लावायला लागले, आणि त्या भट्टीसाठी मला असं रडू फुटलं, की ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी विटा मुद्दाम जोरजोरात आपटत राहिले.